शाळेची घरपट्टी काढून टाकली, तर फेब्रुवारीचा पगार कशातून होणार?

प्रश्न पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहणाऱ्या एका निवृत्त मराठी जोडप्याचा आहे. घराचं कर्ज फिटलं, मुलं शाळेतून बाहेर पडून पंधरा वर्षं झाली, तरी दर जुलैत स्कूल टॅक्सचं, म्हणजे शाळेसाठीच्या घरपट्टीचं, बिल येतंच. ते लिहितात, 'मुलं शिकून गेली, आम्ही का भरायचं? घर आमचं की शाळेचं, हेच कळेनासं झालंय. हा कर पूर्ण काढा आणि त्याऐवजी सेल्स टॅक्स, इन्कम टॅक्स वाढवा, असं इथले काही आमदार वर्षानुवर्षं म्हणताहेत. मिशिगनमध्ये असं काहीतरी झालंय आणि तुम्ही तिथे शाळांच्या हिशेबातच आयुष्य काढलंत. आम्ही या मागणीच्या बाजूने उभं राहावं का?'

आधी थेट उत्तर देतो. राहत्या घरावरचा शाळेचा कर कमी करायला माझा मनापासून पाठिंबा आहे. तो सरसकट शून्यावर आणून शाळेचा सगळा भार सेल्स टॅक्स आणि इन्कम टॅक्सवर टाकायला मात्र माझा विरोध आहे. नवा कर किती टक्के असावा यावर सगळे भांडतात. मला त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात. मंदीच्या वर्षी फेब्रुवारीत शिक्षकांचा पगार कशातून होणार? आणि पैसा कमी पडला तर भर घालायचा अधिकार गावाकडे राहणार, की राजधानीकडे हात पसरावा लागणार?

मी सांगलीत बी.कॉम. करून 1991 मध्ये मिशिगनला आलो आणि पुढच्याच वर्षी एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, बिझनेस ऑफिसात हिशेबनीस म्हणून लागलो. 2021 मध्ये निवृत्त झालो तेव्हा त्या डिस्ट्रिक्टचं सगळं बजेट माझ्याकडे होतं. म्हणजे जुनी पद्धत मी दोन वर्षं पाहिली आणि नवी सत्तावीस वर्षं चालवली.

आपल्याकडून आलेल्या माणसाला इथली पद्धत पहिल्यांदा चमत्कारिकच वाटते. महाराष्ट्रात महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते, पण गल्लीतल्या शाळेच्या मास्तरांचा पगार त्या ओळीवर अवलंबून नसतो. जिल्हा परिषदेची शाळा असो की अनुदानित, पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतःच कर बसवणारी संस्था असते. तिचं निवडून आलेलं बोर्ड असतं, तिचा घरपट्टीचा दर असतो आणि त्या दरावर शाळेचं निम्मंअर्धं बजेट उभं असतं. त्यामुळे ज्या गावात मोठी घरं आणि कारखाने, तिथे थोड्या दरात भरपूर पैसा. ज्या गावात पडकी घरं, तिथे दर दुप्पट लावला तरी पैसा अपुरा.

मिशिगनमध्ये 1993 साली हे अगदी उघडं पडलं होतं. राज्याच्या उत्तरेकडच्या ओनावेसारख्या डिस्ट्रिक्टला एका मुलामागे वर्षाला साडेतीन हजार डॉलरही मिळत नव्हते आणि डेट्रॉइटजवळच्या ब्लूमफिल्ड हिल्सला दहा हजारांहून जास्त मिळत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅल्कास्का नावाच्या गावानं शाळा चक्क बंद केल्या. मतदारांनी कर वाढवायला पुन्हा पुन्हा नकार दिला होता, पैसे संपले, आणि शाळेचं वर्ष ठरल्यापेक्षा जवळजवळ दहा आठवडे आधीच गुंडाळलं गेलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही. आमचंही करवाढीचं मतदान जूनमध्ये होतं.

त्या काळातले एक आजोबा मला अजून आठवतात. फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, एकटेच राहायचे. बिलाची चौकशी टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या कारभाराच्या, खिडकीवर करायची असते, पण ते आमच्याकडे यायचे, कारण बिलातली सगळ्यात मोठी ओळ आमची असायची. कागदाची घडी उलगडून, त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, 'पेन्शन तीच आहे, ही कशी वाढते ते सांग.' त्यांच्या घराची किंमत कागदावर वाढली होती, त्यामुळे कर वाढला होता. घर विकल्याशिवाय ती किंमत त्यांच्या हातात येणार नव्हती. तुम्ही जे लिहिलंत ते हेच आहे. ही तक्रार खरी आहे, आणि तिला स्वार्थीपणा म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी मी तेव्हाही वाद घालायचो.

मग जुलै 1993 मध्ये लान्सिंगमध्ये, म्हणजे मिशिगनच्या राजधानीत, जे झालं त्यावर आमचा दोन दिवस विश्वास बसला नाही. घरपट्टी किती कमी करायची यावर रटाळ वाद चालू असताना राज्याच्या सिनेटर डेबी स्टॅबेनाव यांनी दुरुस्ती मांडली, की शाळा चालवण्यासाठीची घरपट्टी पूर्णच रद्द करा. ती मंजूर झाली आणि गव्हर्नर जॉन एंग्लर यांनी ऑगस्टमध्ये सही केली. सहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम पुसली गेली आणि तिच्या जागी काय आणायचं हे ठरलेलंच नव्हतं. विधिमंडळ नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रात्ररात्र बसलं. शेवटी 15 मार्च 1994 ला 'प्रपोजल ए' मतदारांसमोर आलं: सेल्स टॅक्स 4 वरून 6 टक्के. नाही म्हणालात तर इन्कम टॅक्स 4.6 वरून 6 टक्के होईल, हे आधीच कायद्यात लिहून ठेवलं होतं. म्हणजे लोकांना 'काहीच नको' हा पर्याय नव्हता. सुमारे 69 टक्के लोकांनी सेल्स टॅक्स निवडला. त्याच्या जोडीला सिगारेटच्या पाकिटावरचा कर 25 सेंटवरून 75 सेंट झाला आणि घरखरेदीच्या व्यवहारांवर नवा कर आला.

यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्याकडच्या चर्चेत तो नेमका हरवतो. मिशिगननं घरपट्टी पूर्ण काढली नाही. सगळ्या मालमत्तेवर राज्याचा 6 मिलचा शिक्षण कर ठेवला. मिल म्हणजे करपात्र किमतीच्या हजार डॉलरमागे एक डॉलर. शिवाय राहतं घर सोडून बाकीच्या मालमत्तेवर, म्हणजे दुकानं, कारखाने, भाड्याची घरं, तळ्याकाठची सुट्टीची घरं यांच्यावर, 18 मिलपर्यंतचा स्थानिक कर राहिला. राहत्या घराला खरा दिलासा मिळाला. लाख डॉलरच्या घराची करपात्र किंमत तिथे निम्मी, पन्नास हजार धरतात. आधी शाळेच्या चालू खर्चाचा दर राज्यभर सरासरी 34 मिलच्या आसपास होता, म्हणजे 1,700 डॉलर. नंतर 6 मिल, म्हणजे 300. वर, घर विकलं जाईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला महागाईच्या दरापेक्षा किंवा 5 टक्क्यांपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त वाढणार नाही अशी तरतूद झाली. आजोबा नवं बिल घेऊन मुद्दाम आम्हाला दाखवायला आले होते. त्यांनी कागद खिडकीवर ठेवला आणि काही न बोलता हात मिळवला.

गरीब डिस्ट्रिक्टचंही भलं झालं. प्रत्येक मुलामागे राज्यानं ठरवलेली रक्कम, फाउंडेशन अलाउन्स, सुरू झाली. पहिल्याच वर्षी तळातल्या शाळांना 4,200 डॉलरपर्यंत उचललं आणि पुढे दरी हळूहळू कमी होत गेली. ती दरी भरून बहुतेक सगळ्या डिस्ट्रिक्टना किमान 8,700 डॉलर मिळायला 2021 उजाडलं, पण भरली. कॅल्कास्कासारखी पाळी या कारणानं पुन्हा कोणावर आली नाही. म्हणून 'मिशिगनचा प्रयोग फसला' असं कोणी म्हणालं तर मी मान्य करत नाही.

पण त्याची किंमतही आम्ही मोजली.

पहिली किंमत काउंट डेची. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी शाळेत किती मुलं हजर, यावर वर्षभराचा बहुतेक पैसा ठरतो. त्या सकाळी आमच्या शाळांतल्या क्लार्क बायका नऊ वाजल्यापासून फोनला बसायच्या. 'ताप आहे का? मग डॉक्टरची चिठ्ठी आणा. नुसता कंटाळा केलाय? मग अर्ध्या दिवसासाठी तरी पाठवा.' कॅफेटेरियात त्या दिवशी पिझ्झा ठेवायचा, मुलं यावीत म्हणून. गमतीशीर वाटेल, पण एक मूल म्हणजे सात हजार डॉलर होते. आमच्या डिस्ट्रिक्टमधून वर्षाला साठ-सत्तर मुलं कमी व्हायची. कोणी काम गेल्यामुळे दुसऱ्या राज्यात, कोणी शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये, कोणी चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेत. साठ मुलं गेली की चार लाख वीस हजार डॉलर गेले. पण ती साठ मुलं एका वर्गातून उठून जात नाहीत. इथून दोन, तिथून तीन अशी जातात. शिक्षक तेवढेच लागतात, बस तेवढीच धावते, बॉयलर तेवढाच तापवावा लागतो. जुन्या पद्धतीत आम्ही मतदारांपुढे जाऊन 'एक मिल वाढवून द्या' असं तरी म्हणू शकत होतो. नव्या पद्धतीत चालू खर्चासाठी तो दरवाजा जवळपास बंदच झाला होता.

दुसरी किंमत 2009 मध्ये मोजली. त्या वर्षी क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. लोकांनी गाड्या घेणं थांबवलं, घरात नवा फ्रीज घेणं थांबवलं. सेल्स टॅक्स आटला, इन्कम टॅक्स आटला आणि शाळांचा निधीही आटला. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या, शिक्षकांचे करार झाले, बसचे मार्ग ठरले. आणि ऑक्टोबरात लान्सिंगहून कळलं, की एका मुलामागे 165 डॉलर कमी मिळतील. आमच्याकडे तेव्हा तीन हजारांच्या आसपास मुलं होती. जवळजवळ पाच लाख डॉलर, तेही वर्ष चालू असताना. त्या रात्री बोर्डाच्या बैठकीत मी कागद वाचून दाखवत होतो आणि समोरच्या ओळीत मिडल स्कूलच्या ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. त्यांच्या नावासमोरची कपातीची रक्कम त्यांना माझ्या तोंडून कळली. ती पद्धत चुकीची होती. आधी त्यांना बोलावून सांगायला हवं होतं, आणि ते मी तेव्हा बोर्डाला सुचवलं नाही, याची खंत मला आजही आहे. संध्याकाळची जादा बस बंद झाली, म्हणजे शाळेनंतर बँड किंवा खेळासाठी थांबणारी, आईवडील दोघंही कामावर असलेली मुलं बाद झाली. दोन वर्षांनी आणखी कपात आली. 2008-09 ला ज्या डिस्ट्रिक्टला मुलामागे किमान 7,316 डॉलर मिळत होते, त्यांना 2011-12 ला 6,846 मिळाले. महागाई धरलीच नाही, हे नुसते आकडे.

घरपट्टीही त्या काळात घसरली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मिशिगनमध्ये घरांच्या किमती कोसळल्या होत्या. पण घराच्या किमतीचा परिणाम बिलात उतरायला वेळ लागतो आणि त्या वेळात माणूस तयारी करू शकतो. सेल्स टॅक्स तिमाहीत पडतो. शाळेचा ऐंशी टक्के खर्च पगार, विमा आणि पेन्शन यांचा असतो. तो तिमाहीत कमी करता येत नाही. लोक घरपट्टीवर इतके चिडतात कारण ती दरवर्षी ठरल्या तारखेला, ठरल्या रकमेची येते. शाळेला पैसा नेमका असाच लागतो.

आणखी एक गोष्ट मिशिगनमध्ये सुटून गेली: इमारती. छत, बॉयलर, नवी शाळा यांचा खर्च अजूनही स्थानिक घरपट्टीतूनच, रोखे काढून करावा लागतो. त्यामुळे शिक्षकांच्या पगारात दरी कमी झाली, तरी छप्परं गळण्यातली दरी तशीच राहिली. तुमच्याकडे 'पूर्ण रद्द' म्हणणाऱ्या विधेयकातही डिस्ट्रिक्टची जुनी कर्जं फिटेपर्यंत घरपट्टी चालू ठेवायची तरतूद होती. म्हणजे बिल दुसऱ्या दिवशी शून्य होणार, ही कल्पना तिथेही खरी नव्हती.

इतर राज्यांचं थोडक्यात सांगतो. इंडियानानं 2008 मध्ये शाळांचा चालू खर्च घरपट्टीवरून उचलून राज्यावर घेतला आणि सेल्स टॅक्स 6 वरून 7 टक्के केला. 2009 संपता संपता मंदीमुळे गव्हर्नर मिच डॅनियल्स यांना शाळांच्या निधीतून 300 दशलक्ष डॉलर कापावे लागले. दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. न्यू जर्सीची कथा उलट आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं घरपट्टीवर चालणारी शाळांची व्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरवली, विधिमंडळ ऐकेना, तेव्हा 1 जुलै 1976 ला शाळांवरचा खर्चच थांबवला. आठवड्याभरात राज्यात इन्कम टॅक्स आला. तो घरपट्टीत सवलत देण्यासाठीच वापरायचा, असं घटनेत लिहिलं गेलं. आणि आज? 2024 मध्ये तिथलं घरपट्टीचं सरासरी बिल दहा हजार डॉलरच्या पुढे गेलं. तिथल्या एडिसन गावातल्या कोणत्याही मराठी घरात विचारा. नवा कर राहिला आणि जुनाही राहिला. कॅलिफोर्नियानं 1978 मध्ये 'प्रॉप 13' नं घरपट्टी 1 टक्क्यावर बांधली. तेव्हापासून शाळांचा पैसा मुख्यतः सॅक्रामेंटो या राजधानीतून ठरतो आणि श्रीमंतांच्या इन्कम टॅक्सबरोबर वरखाली होतो.

आता तुमच्या राज्याकडे येऊ. पेनसिल्व्हेनियात 500 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि राज्याचा वाटा निम्म्याहून बराच कमी आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टानं ही व्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरवली, कारण गरीब डिस्ट्रिक्टमधली मुलं मागे पडतात. म्हणजे बदल हवाच आहे. प्रश्न कुठला, एवढाच. नोव्हेंबर 2015 मध्ये सिनेटमध्ये पूर्ण रद्दचं विधेयक 24-24 असं अडलं आणि लेफ्टनंट गव्हर्नरांच्या मतानं पडलं. त्यात इन्कम टॅक्स 3.07 वरून 4.34 टक्के आणि सेल्स टॅक्स 6 वरून 7 टक्के होता, शिवाय आज करमुक्त असलेल्या बऱ्याच वस्तू आणि सेवा करात येणार होत्या.

तुम्हा दोघांचा त्यात फायदा झाला असता. ते लपवण्यात अर्थ नाही. तुमच्या राज्यात निवृत्तिवेतनावर आणि सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे केंद्राकडून मिळणाऱ्या पेन्शनवर, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे वाढलेला दर तुम्हाला लागलाच नसता. पण तुमच्या शेजारचं तरुण जोडपं घ्या. दोघं मिळून नव्वद हजार कमावतात, भाड्यानं राहतात. त्यांचा इन्कम टॅक्स वर्षाला 1,143 डॉलरनं वाढला असता, किराणा आणि कपडे महागले असते. घरमालकाची घरपट्टी वाचली म्हणून त्यानं भाडं उतरवलं असतं, असं मला तीस वर्षांत कधी दिसलेलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या विधेयकात मॉल, गोदामं, ऑफिसांच्या इमारती यांचीही शाळेची घरपट्टी माफ होत होती. तो सगळा पैसा नोकरदारांच्या पगारातून आणि गिऱ्हाइकांच्या खिशातून भरून काढायचा होता. मिशिगननं हीच चूक टाळली होती.

तुमच्या 'मुलं शिकून गेली, आम्ही का भरायचं' या वाक्याबद्दल एक सांगतो, रागावू नका. तुम्ही हे घर घेतलंत तेव्हा डिस्ट्रिक्ट कुठली हे पाहूनच घेतलं असणार. आपल्या माणसांचा घरशोध तिथूनच सुरू होतो. उद्या विकायला काढाल तेव्हा घेणारे पहिला प्रश्न तोच विचारतील. शाळा घसरली की त्या उत्तरासोबत घराची किंमतही घसरते.

माझ्या हातात असतं तर मी मिशिगनचा साचा घेतला असता आणि त्याच्या दोन चुका दुरुस्त केल्या असत्या. राहत्या घराचा कर मोठ्या प्रमाणात कमी, व्यापारी मालमत्तेवर तो कायम. राज्यानं इन्कम टॅक्सच्या आधारावर मुलामागे किमान रक्कम द्यायची, सेल्स टॅक्सवर शक्य तितकं कमी टाकायचं. त्याबरोबर शाळांसाठी वेगळा राखीव निधी, जो मंदी जाहीर झाल्यावरच उघडता येईल आणि एरवी कोणा गव्हर्नरला हात लावता येणार नाही. आणि मतदारांच्या संमतीनं थोडी स्थानिक वाढ करायची मुभा डिस्ट्रिक्टला ठेवायची, गरीब डिस्ट्रिक्टच्या वाढीत राज्यानं भर घालायची. 2017 मध्ये तुमच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून राहत्या घराला शंभर टक्क्यांपर्यंत सूट द्यायची वाट मोकळी केली आहे. म्हणजे घरांना दिलासा देण्यासाठी मॉलला सोडायची गरजच उरलेली नाही. तुमचे आमदार 'पूर्ण रद्द' म्हणाले, की त्यांना विचारा: ही वाट असताना गोदामांना माफी कशाला, आणि राखीव निधी किती महिन्यांचा?

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही दोघांनी तीन कामं करून टाका. काउंटीच्या असेसमेंट ऑफिसात होमस्टेड एक्सक्लुजनचा, म्हणजे राहत्या घराच्या करपात्र किमतीत मिळणाऱ्या सुटीचा, अर्ज भरलाय का ते पाहा. नसेल तर मुदत 1 मार्च असते. कॅसिनोच्या करातून येणारी सवलत त्या अर्जाशिवाय मिळत नाही, आणि मला भेटलेल्या निम्म्या लोकांनी तो भरलेला नसतो. दुसरं, पासष्टीनंतर मिळणाऱ्या प्रॉपर्टी टॅक्स रिबेटची, म्हणजे घरपट्टीच्या परताव्याची, उत्पन्नमर्यादा 2023 च्या दाव्यांपासून 45,000 डॉलर झाली आणि त्यानंतर महागाईनुसार वाढते. नेहमीच्या रिबेटची जास्तीत जास्त रक्कम 1,000 डॉलर आहे. सोशल सिक्युरिटीचं निम्मंच उत्पन्न त्यात धरतात, त्यामुळे 'आपण बसत नाही' असं घरबसल्या ठरवू नका, फॉर्म भरून पाहा. तिसरं, जुलैचं बिल आल्यापासून दोन महिन्यांत भरलंत तर 2 टक्के सूट मिळते.

आणि मे-जूनमध्ये तुमच्या डिस्ट्रिक्टच्या बजेटचा मसुदा वीस दिवस लोकांसाठी खुला असतो. एकदा जाऊन तो मागा. पहिलं पान सोडा, फंड बॅलन्सचं, म्हणजे साठलेल्या शिलकीचं, पान उघडा आणि बिझनेस मॅनेजरला विचारा, की उद्या राज्याचा पैसा दोन महिने लांबला तर पगार होतील का. कुठल्याही बिझनेस मॅनेजरला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असतं. माझ्याकडे हे विचारायला इतक्या वर्षांत दोनच माणसं आली.